कोठ्यात पाय

या सदरात मी आजवर फक्त वाचायला यायचे. आणि वाचायला कमी, खोड काढायला जास्त. कुणाच्या घरात आपोआप दिवा लागला की मी खाली लिहायचे — वायरिंग तपासून घ्या. कुणाला रिकाम्या खोलीत पावलं ऐकू आली की — उंदीर असतील. दोघातिघांनी मला तेव्हा चांगलं सुनावलंही होतं. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय हे पाहून त्यांना हसू येईल... येऊ द्या.

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमच्या घरात तो कुणाचाच नव्हता. बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत पंपावर होते. कॉलनीत कुणाच्या अंगात आलं की शेजारची पोरं बघायला धावायची आणि बाबा मला हाताला धरून घरात बसवायचे. म्हणायचे, "तिले ताप असन. दवाखान्यात न्या म्हणा." मी त्यांचीच मुलगी. पुढे कॉम्प्युटर शिकले, आता इथे मध्य प्रदेशात, बालाघाटात एका खाजगी कॉलेजात शिकवते. ज्याचं कारण सापडत नाही, त्याचं कारण अजून नीट शोधलेलं नाही, एवढंच मला माहीत होतं.

(माझी मराठी घरातली आहे. शाळा सगळी हिंदीत झाली. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.)

आई गेल्यावर बाबा कॉलनी सोडून गावी राहायला गेले. हट्टा म्हणून एक मोठं गाव आहे, त्याच्या थोडं पुढे आमचं गाव. तिथे दोन खोल्यांचं घर, मागे परसात एक जुना कोठा. कोठा म्हणजे गोठा — आमच्याकडे गुरांच्या जागेला कोठा म्हणतात. गुरं केव्हाच गेली, आता त्यात लाकडं, नांगराचे तुकडे आणि बाबांना फेकून देववत नाहीत अशा वस्तू असतात. मी आणि माझे मिस्टर राकेश, दोघांनी किती वेळा सांगितलं की बालाघाटला या. बाबांना शुगर आहे, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. पण त्यांचं एकच उत्तर — "तुह्या घरी मी का करू? टीव्ही पाहू का दिवसभर?"

त्यात फोनचं दुखणं. बटणांचा साधा मोबाईल आहे, पण तो फळीवर ठेवून हे गावभर फिरणार. मी फोन करायची, रिंग जात राहायची, आणि वर्गात शिकवताना माझं अर्धं लक्ष तिकडे.

हे घडलं त्या वर्षी मी मुलांना सी भाषेत नेटवर्क प्रोग्रॅमिंग शिकवत होते. सर्व्हर कसा लिहायचा, दुसऱ्या मशीनने जोडणी मागितली की ती कशी घ्यायची, वगैरे. एका मुलीने विचारलं, "मैडम, ये असल में कहीं काम आता है क्या?" मी तिला पुस्तकी उत्तर दिलं, पण घरी येताना तेच डोक्यात होतं. आणि मग सुचलं, की बाबांसाठीच एक लिहून पाहू.

कल्पना अगदी साधी होती. बाबांच्या घरी एक छोटी डबी ठेवायची, साबणाच्या वडीएवढी, वर एक हिरवं बटण. सकाळी उठून त्यांनी ते दाबायचं. शेजारी सिमकार्डवर चालणारा एक छोटा राउटर, त्याच्या इंटरनेटवरून डबी माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरला दोन अक्षरं पाठवणार — OK. कॉम्प्युटर 'टुंग' वाजणार आणि स्क्रीनवर एक ओळ उमटणार. बस.

दिवाळीच्या सुट्टीत मी सर्व्हर लिहिला. सकाळी स्वयंपाक आटोपून बसायची. पहिल्या दिवशी नुसता उघडा लिहिला, तो लगेच चालला. मग मनात आलं की या OK ला कुलूप हवं. राकेश हसले, म्हणाले, "तुझ्या वडिलांचं OK कोण चोरणार?" चोरण्याची भीती नव्हतीच हो. भीती उलटी होती. कुणालाही बाहेरून खोटं OK पाठवता आलं तर? तिकडे बाबा पडलेले असायचे आणि मी इकडे OK बघून निवांत.

म्हणून एन्क्रिप्शन घातलं. ते स्वतः बनवायच्या फंदात पडले नाही, त्यात भले भले चुकतात. जाणत्या लोकांनी लिहिलेली लायब्ररी घेतली. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक गुप्त किल्ली असते — अक्षरांची लांबलचक, अर्थ नसलेली ओळ. ती मी कॉम्प्युटरकडूनच तयार करून घेतली, मलाही पाठ नाही. ती दोनच ठिकाणी होती, माझ्या सर्व्हरवर आणि बाबांच्या डबीत. डबी निरोप त्या किल्लीने बंद करते आणि वर मोहोर लावते. वाटेत कुणी एक अक्षर जरी हलवलं तरी मोहोर जुळत नाही आणि सर्व्हर तो निरोप न दाखवताच फेकून देतो. शिवाय प्रत्येक निरोपाला एक चढता नंबर असतो, म्हणजे कालचं OK कुणी पकडून आज पुन्हा पाठवलं तरी चालत नाही.

आणि अजून एक, हे महत्त्वाचं आहे. डबीच्या प्रोग्रॅममध्ये OK सोडून दुसरा शब्दच नव्हता. तिला दुसरं काही पाठवताच येत नव्हतं. कीबोर्ड नाही, माईक नाही, एक बटण.

राकेशना घरी कॉम्प्युटरपाशी बसवून मी डबी लावायला गेले, तेव्हा बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "हे दाबलं का तिकडं घंटी वाजते?"

"हौ बाबा. तुम्ही बरे आहात एवढं मले समजते."

"आन मी बरा नसलो तं?"

"तर दाबू नका."

"म्हणजे बरा नसलो तं काईच नाही करायचं. हे चांगलं हाय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी राकेशचा फोन येईपर्यंत बटण दाबत बसले. घरी कॉम्प्युटर टुंग टुंग करत होता.

पण सवय लागली त्यांना. रोज सकाळी माझा चहा होईपर्यंत ओळ आलेली असायची. माझ्या छातीवरचं एक ओझं खरंच उतरलं होतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

धानाची कापणी चालू होती. शनिवार, कॉलेज अर्धा दिवस. सकाळी OK येऊन गेलेलं होतं. दुपारी जेवून मी पुढच्या खोलीत पेपर तपासत बसले होते, राकेश दुकानात. बाहेर लख्ख ऊन होतं. आणि कॉम्प्युटर वाजला — टुंग.

मला वाटलं बाबांनी चुकून दाबलं असेल. मान वर करून पाहिलं. सकाळच्या ओळीखाली नवी ओळ होती. वेळ, मग नंबर — सकाळच्या पुढचाच, बरोबर — आणि जिथे OK असायला हवं तिथे देवनागरीत लिहिलं होतं:

कोठ्यात पाय

स्क्रीनवरच्या त्या काळ्या खिडकीत देवनागरी नीट दिसत नाही, काना-वेलांट्या सुट्या सुट्या पडतात. तरी वाचता येत होतं. मी उठून जवळ गेले, पुन्हा वाचलं. कोठ्यात पाय. मला वाटलं, कोठ्यात पाय? म्हणजे काय, गोठ्यात पाय ठेवला? कुणाचा पाय?

खरं सांगते, पहिल्यांदा मी घाबरले ती सर्व्हरसाठी. वाटलं, किल्ली फुटली. माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याने गंमत केली आणि माझं सगळं कुलूप तोडलं. पण मोहोर जुळली नसती तर ओळ दिसलीच नसती. ज्याने पाठवलं त्याच्याकडे किल्ली होती. आणि निरोप आला होता तो रोजच्याच पत्त्यावरून, बाबांच्या राउटरमधल्या सिमवरून.

मी बाबांना फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. त्यात काही नवीन नव्हतं. पुन्हा लावला. मग शेजारच्या पारबता काकूंना लावला. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्या कापणीला जात नाहीत, बाकी सगळी आळी शेतावर.

"काकू, बाबा आहेत का घरी?"

"थांब, पायतो." त्या ओट्यावर आल्या असाव्यात. "नाही वो. कुलूप हाय दाराले. गाडीई नाही दिसत. हट्ट्याले गेले असन."

"फोन नाही उचलून राहिले."

"ते कधी उचलते?"

हे खरंच होतं. कुलूप आहे, स्कूटर नाही, म्हणजे बाबा बाहेर गेलेत. आणि ते घरातच नाहीत तर डबीचं बटण कुणी दाबलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता, पण त्याआधीच काकूंनी विचारलं, "काहून, का झालं?"

"काही नाही काकू. इथे कॉम्प्युटरवर काहीतरी मेसेज आला, बाबांच्या घरून. मला वाटतं कोणीतरी मजाक केला."

"काय आला?"

"काही अर्थ नाही त्याला. लिहिलंय, कोठ्यात पाय."

काकू म्हणाल्या, "कोठ्यात? बरं, पायतो मंग."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाय म्हणजे पाऊल नाही. पाय म्हणजे पाहा. आमच्या बोलीत 'पाय' म्हणजे 'बघ'. थे पाय, इकडं पाय. लहानपणापासून रोज ऐकलेला शब्द, काकूंनी तर त्याच फोनवर मिनिटभर आधी उच्चारलेला, पण मी तो लिहिलेला आयुष्यात कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे तसं कुणी लिहीतच नाही. मी तो पुस्तकातल्यासारखा वाचला. काकूंनी कानाने ऐकला, आणि त्यांना तो लगेच कळला. कोठ्यात बघ.

"काकू, फोन बंद करू नका," मी म्हणाले. "हातातच ठेवा. जा, बघा."

मी उभीच होते. फोनमधून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, मध्येच कोंबड्या, मग त्यांचं कण्हणं — गुडघे. आमच्या परसात जायला घरातून वाट आहे तशी बाहेरच्या गल्लीतूनही आहे. त्या गल्लीतून गेल्या. मग लाकडी दार ओढल्याचा आवाज आला. ते दार खाली घासतं, तो आवाज मी ओळखते.

मी "काकू, काकू" करत होते.

"पोरी," त्या म्हणाल्या. आवाज एकदम हलका झाला होता. "तुह्ये बाबा इथं पडले हाये."

तोंडातून शब्द आले, कसे कुणास ठाऊक. "श्वास चालू आहे का? छातीवर हात ठेवून पहा."

"चालू हाय. घामानं चिंब हाये. बोलत नाही. डोये अर्धे उघडे."

घाम. मला तिथेच कळलं. शुगर खाली गेली होती. इन्सुलिन सुरू केलं तेव्हा डॉक्टरांनी मला बसवून हेच समजावलं होतं — इंजेक्शन घेतलं आणि वेळेवर जेवले नाहीत तर घाम येईल, बोलणं बंद होईल, आणि तसंच पडून राहिले तर... ते पुढचं मी इथे लिहीत नाही.

"काकू, त्यांना एका कुशीवर करा. पाणी पाजू नका, काहीच पाजू नका. साखर आणा. बोटाला पाणी लावून साखर घ्या आणि गालाच्या आतून, हिरड्यांना चोळा. थोडी थोडी. आणि कोणाला तरी हाक मारा."

"हौ. हौ." बस एवढंच. ना रडल्या, ना काही विचारलं. ज्या बाईला ओट्यावरून उतरायला आधार लागतो ती घरी जाऊन साखर घेऊन कशी आली, हे मला आजही समजत नाही. पण ते अमानवीय वगैरे नाही, ती पारबता काकू आहे.

मी एकीकडे राकेशला मेसेज करून कळवलं. काकूंनी गल्लीत उभं राहून हाक मारली, ती मला फोनमधून ऐकू आली. जवळच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, माणसं आली. कुणीतरी धानाची पोती न्यायला आणलेली छोटी गाडी होती, तिच्यातच बाबांना घातलं आणि हट्ट्याला दवाखान्यात नेलं. आम्ही मोटरसायकलवर निघालो. त्या रस्त्याबद्दल मला काहीच आठवत नाही, फक्त राकेशच्या शर्टाचा पाठीवरचा चौकडा आठवतो.

पोचलो तेव्हा बाबांना सलाईनमधून ग्लुकोज दिलेलं होतं आणि ते खाटेवर डोळे उघडून छताकडे बघत होते. मला पाहिलं. ओळखायला थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "काहून आली? शाळा नाही का आज?"

माझ्या कॉलेजला ते शाळाच म्हणतात. मी खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचा सलाईन नसलेला हात धरून जी रडले... आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. नर्स म्हणाली, "अब काहे रो रही हो, अब तो ठीक हैं." मी म्हटलं, इसीलिए रो रही हूँ.

डॉक्टरांनी सांगितलं ते शांतपणे सांगितलं. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. संध्याकाळी माणसं शेतावरून परतल्यावर कुणाच्या लक्षात आलं असतं, तर फार उशीर झाला असता.

हळूहळू सगळा क्रम जुळला. सकाळी बाबांनी बटण दाबलं, इंजेक्शन घेतलं. तेवढ्यात कुणीतरी येऊन विळा मागितला. जेवण नंतर करू म्हणून ते कोठ्यात जुना विळा शोधायला गेले. माकडं स्वयंपाकघरात शिरतात म्हणून पुढच्या दाराला कुलूप लावून, गल्लीच्या बाजूने गेले. विळा मागणारा पुढच्या दाराशी थोडा वेळ थांबला, मग दुसरीकडून घेऊन शेतावर निघून गेला. स्कूटर आदल्या दिवशीच हट्ट्याला दुरुस्तीला दिलेली. माकडांच्या भीतीने कोठ्याचं दारही त्यांनी आतून ओढून घेतलं असेल. आत हे पडले. बाबांना एवढंच आठवतं की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि लाकडाला धरायला गेले.

"आणि बटण?" मी विचारलं. "दुपारी तुम्ही बटण दाबलं होतं का?"

"मी कोठ्यात होतो ना वो. बटण घरात हाय."

इथपर्यंत मी मनाशी म्हणत होते की काहीतरी कारण निघेल. दुसऱ्या दिवशी काकूंचे आभार मानायला गेले तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की काल लाईन नव्हती. सकाळी जी गेली ती दिवे लागायच्या वेळेला आली, त्यांचं दळण चक्कीवर तसंच पडून राहिलं. मी गावात आणखी चार घरी विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. पूर्ण गावात वीज नव्हती.

आमची डबी विजेवर चालते. तिच्यात बॅटरी नाही, सेल टाकायची जागाच नाही. राउटरही तसाच, इन्व्हर्टर नाही. त्या दुपारी बाबांच्या घरात डबी आणि राउटर दोन्ही मेलेले होते. कुलूपबंद घरात.

मी त्याच दिवशी, कुणी बटण दाबायच्या आत, डबी काढून बालाघाटला आणली. आमच्या विभागात पांडे सर आहेत, मला खूप सीनियर, आणि माझ्यापेक्षा दहापट संशयी. त्यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग त्यांनी माझा सर्व्हरचा कोड ओळ न् ओळ वाचला, डबीतला प्रोग्रॅम बाहेर काढून माझ्याकडच्या मूळ प्रोग्रॅमशी ताडून पाहिला. अक्षराचा फरक नव्हता. त्यात एक OK, बाकी काही नाही. देवनागरी तर कुठेच नाही.

"किसी ने चाबी चुराई होगी," सर म्हणाले.

"ठीक आहे सर, चोरली. पण चोराला कसं कळलं की बाबा कोठ्यात पडलेत? आणि कळलं होतं तर त्याने जाऊन उठवलं का नाही? कॉम्प्युटर कशाला फोडत बसला?"

मग आम्ही डबीतला नंबर पाहिला. प्रत्येक निरोपाबरोबर डबी स्वतःच्या आत शेवटचा नंबर लिहून ठेवते, वीज गेली तरी तो पुसला जात नाही. बाहेरच्या कुणी चोरलेल्या किल्लीने निरोप पाठवला असता तर डबीत सकाळचाच नंबर असता. तसं नव्हतं. डबीतला नंबर एकाने पुढे होता. म्हणजे डबीच्या मते तो निरोप तिनेच पाठवला होता.

पांडे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "मैडम, प्रोग्राम आपका सही है. इतना मैं लिख के दे सकता हूँ." त्यानंतर अधूनमधून भेटले की विचारतात, "कुछ मिला?" मी मान हलवते.

ज्यांना सांगितलं त्यातले बरेच जण विचारतात — आई तर नव्हे? त्यांचा हेतू चांगला असतो, पण मी हो म्हणू शकत नाही. आई लिहायला शिकलेली नव्हती. आणि त्या दोन शब्दांत माया, ओळख, निरोप असं काही नव्हतं. कुणी घाईत असलेला माणूस वाटेत सांगून जावा, तसं होतं ते. कोठ्यात बघ. एवढं सांगून ते जे काही होतं ते गेलं, पुन्हा आलं नाही.

बाबांना मी सगळं नीट समजावून सांगितलं, कुलूप, किल्ली, मोहोर, नंबर. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. म्हटलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही तर कधी असलं काही मानलं नाही.

"अजूनई नाही मानत," ते म्हणाले. "पण ज्यानं कोणं सांगतलं, चांगलं केलं."

मलाही तेवढंच म्हणता येतं. काही महिने मी त्याच्या मागे लागले होते. कोड पुन्हा लिहून पाहिला, डबीची वीज काढून, लावून, अर्धवट देऊन पाहिली. OK शिवाय ती काही बोलली नाही. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मला आता उत्तर सापडलं नाही तरी चालणार आहे. एरवी अशा प्रश्नाने मला झोप लागली नसती. हा प्रश्न तसा नाही. याच्यासोबत बाबा परत आलेत.

इथे कुणी नेटवर्कमधलं जाणकार असेल आणि काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. वायरिंग तपासून झालंय, उंदीर नव्हते.

यंदाच्या थंडीपुरते बाबा आमच्याकडे यायला तयार झाले. आत्ता मी हे लिहितेय आणि ते फाटकाशी उभे राहून दूधवाल्याला दूध पातळ असल्याचं हिंदीत समजावताहेत. हिंदी कमी पडली की मराठीत घसरताहेत. दूधवालाही कमी नाही. मघापासून चाललंय. मला उठून मध्ये पडायला हवं, पण मी बसून ऐकतेय. आवाज चांगला खणखणीत आहे.